वायफाय एन्क्रिप्ट केलं म्हणजे सुरक्षित झालं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एन्क्रिप्शन आणि सुरक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

हो. एन्क्रिप्शन एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: हवेतून जाणारा मजकूर तिसऱ्याच कोणी पकडला तर त्याला तो वाचता येईल का? सुरक्षा म्हटली की त्याखेरीज बरंच काही येतं. नेटवर्कात कोण शिरू शकतं? शिरलेल्याचा हात आत कुठवर पोचतो? राउटरची सूत्रं कोणाकडे आहेत? समोरचा राउटर आपलाच आहे हे फोनने कशावरून ओळखायचं? आणि कोणी नुसती जोडणीच तोडत बसलं तर?

गोंधळाला राउटरचं पानही जबाबदार आहे. तिथे शीर्षक असतं 'वायरलेस सिक्युरिटी' आणि त्याखाली निवडायचं असतं एन्क्रिप्शन. यादीतून डब्ल्यूपीए२ हा वायफाय एन्क्रिप्शनचा प्रकार निवडला, पासवर्ड टाकला, 'सेव्ह' दाबलं आणि फोनवर वायफायच्या चिन्हाशेजारी कुलूप दिसलं की काम झाल्यासारखं वाटतं. ते कुलूप वरच्या पहिल्या प्रश्नापुरतंच आहे.

एक असून दुसरं नाही, असं प्रत्यक्षात घडतं का?

दोन्ही बाजूंनी घडतं. समजा डब्ल्यूपीए३, म्हणजे त्याची पुढची पिढी, चालू आहे, पासवर्ड वीस अक्षरी आहे, पण राउटरच्या व्यवस्थापन पानाचा पासवर्ड खोक्यातून आला तसाच 'अ‍ॅडमिन' राहिला आहे. घरातलं कोणीतरी एक भलतंच वेबपान उघडतं. त्या पानातला कोड ब्राउझरकरवीच १९२.१६८.१.१ या राउटरच्या नेहमीच्या पत्त्यावर विनंती पाठवतो, ठरलेला पासवर्ड वापरून आत जातो आणि डीएनएस सर्व्हरचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता बदलून ठेवतो. यापुढे एखाद्या साइटचं नाव टाइप केलं की ब्राउझरला कुठे न्यायचं, हे हल्लेखोर ठरवणार. खरी साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे साइटपर्यंतचा मजकूर झाकणाऱ्या जोडणीवर, असेल तर ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देईल, तेवढाच आधार. या सगळ्यात हवेतली एकही फ्रेम, म्हणजे मजकुराचा एकही तुकडा, कोणी फोडलेली नाही. एन्क्रिप्शन शेवटपर्यंत शाबूत होतं.

आता उलट बाजू. सार्वजनिक ठिकाणचं वायफाय जोडलं की ब्राउझरमध्ये पान उघडतं, मोबाइल नंबर मागतं, ओटीपी पाठवतं आणि मगच इंटरनेट सुरू होतं. प्रवेशावर पहारा कडक आहे. पण नेटवर्क 'ओपन' असेल तर वायफायच्या पातळीवर एन्क्रिप्शन शून्य. ओटीपी टाकल्याने हवेतला मजकूर झाकला जात नाही.

एन्क्रिप्शन कुठून कुठपर्यंत असतं?

फोनच्या अँटेनापासून राउटरच्या अँटेनापर्यंत. राउटरात पोचताच ते उलगडलं जातं आणि पुढे तारेवरून मजकूर जसा असेल तसा जातो. पुढच्या प्रवासात तो झाकलेला राहायचा असेल तर एचटीटीपीएस किंवा व्हीपीएन हवं.

हवेतसुद्धा सगळं झाकलं जात नाही. नेटवर्कचं नाव, दोन्ही बाजूंचे मॅक पत्ते (वायफाय कार्डांचे ओळखक्रमांक), प्रत्येक फ्रेमची लांबी आणि वेळ उघडी असते. घरातल्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेरच्याला दिसणार नाही. पण समोर हालचाल झाली की त्याची वाहतूक एकदम वाढते, आणि ती वाढ भिंतीपलीकडून मोजता येते.

आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आहेत. मग वायफायचं एन्क्रिप्शन कशाला?

साइट एचटीटीपीएसवर आली, तरी प्रिंटरकडे जाणारी फाइल, घरातल्या सामायिक फोल्डरमधले दस्तऐवज, साध्या डीएनएस विनंत्या आणि राउटरचं स्वतःचं व्यवस्थापन पान यांतलं बरंचसं अजून उघडंच जातं. शिवाय वायफायचा पासवर्ड नुसता मजकूर झाकत नाही, दारही अडवतो. तो काढला की कोणीही तुमच्या जोडणीवरून काहीही करेल आणि बाहेरून पाहणाऱ्याला आयपी पत्ता तुमचाच दिसेल.

डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ यांतलं काय निवडायचं?

सगळी उपकरणं चालत असतील तर डब्ल्यूपीए३. नसतील तर डब्ल्यूपीए२, एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीसह. बाकीच्यांकडे वळूही नका. त्याची कारणं मात्र समजून घेण्यासारखी आहेत.

डब्ल्यूईपी वायफायच्या १९९७ च्या मूळ ८०२.११ मानकाबरोबर आलं. प्रत्येक फ्रेमसाठी बदलणारा आकडा त्यात फक्त २४ बिटांचा होता, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ शक्यता. वर्दळीच्या नेटवर्कात ते आकडे काही तासांत संपून पुन्हा वापरात येतात. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी त्यातल्या आरसी४ या पद्धतीचा कच्चा दुवा दाखवला. २००७ पर्यंत परिस्थिती इथवर आली की साधारण ४०,००० फ्रेम हाती लागल्या तर १०४ बिटांची चावी निघण्याची शक्यता निम्मी, आणि वेळ एका मिनिटाहून कमी. इथे पासवर्ड कितीही चांगला ठेवा, उपयोग नाही. हल्ला पासवर्डवर नसून रचनेवर आहे.

डब्ल्यूपीए हे २००३ चं तात्पुरतं ठिगळ होतं. जुन्याच हार्डवेअरवर चालावं म्हणून टीकेआयपी ही दर फ्रेमला चावी बदलणारी पद्धत आणली गेली, आत आरसी४ तेच राहिलं. २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आलं आणि त्याबरोबर एईएस. २००६ पासून वायफायचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या उपकरणांना ते सक्तीचं झालं. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आलं.

जाता जाता एक व्यावहारिक फायदा. राउटर टीकेआयपीवर ठेवला तर वेग ५४ एमबीपीएसवर अडतो, कारण ८०२.११एन आणि पुढच्या मानकांचे वेग टीकेआयपीवर चालतच नाहीत. 'नवा राउटर घेतला तरी वायफाय हळूच' या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं.

डब्ल्यूपीए२ अजून फुटलेलं नाही ना? मग माझा पासवर्ड फुटणार कसा?

एईएस फुटलेलं नाही. फुटतो तो पासवर्ड, आणि तोही तुमच्या नेटवर्कला हात न लावता.

फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार संदेशांची देवाणघेवाण होते, तिला फोर-वे हँडशेक म्हणतात. हे संदेश हवेतून पकडता येतात. त्यांत पासवर्ड नसतो, पण पासवर्डचा अंदाज बरोबर की चूक हे तपासण्यापुरता मजकूर असतो. हल्लेखोर ते संदेश घेऊन घरी जातो आणि निवांत एकेक पासवर्ड लावून बघतो. तुमच्या राउटरला याचा पत्ताही लागत नाही, त्यामुळे 'पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर बंद' असला बंदोबस्त इथे कामाचा नाही. २०१८ मध्ये आणखी सोपी वाट सापडली: अनेक राउटर पीएमकेआयडी नावाचा तुकडा मागितल्याबरोबर देतात, त्यासाठी कोणाचा फोन जोडलेला असण्याचीही गरज उरत नाही.

मानकाने अंदाज बांधणं मुद्दाम संथ केलं आहे. प्रत्येक अंदाजासाठी नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड ४,०९६ वेळा घुसळावे लागतात. तरीही एखादं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख अंदाज सहज तपासतं. त्या हिशेबाने आठ अंकी पासवर्डच्या १० कोटी शक्यता दोन मिनिटांच्या आत संपतात. दहा अंकी मोबाइल नंबर ठेवला असेल तर तीन तासही लागत नाहीत. लहान अक्षरं आणि अंक मिसळून खरोखर यदृच्छेने निवडलेल्या बारा खुणा असतील, तर त्याच एका कार्डाला सुमारे दीड लाख वर्षं लागतील.

मग पासवर्ड कसा असावा?

नियमाने ८ ते ६३ अक्षरं चालतात आणि ती साध्या इंग्रजी कीबोर्डवरचीच असावी लागतात. देवनागरीत ठेवायला जाऊ नका. एखादा फोन तो घेईल, पण प्रिंटर किंवा टीव्ही नक्की अडेल.

लक्षात ठेवायला आणि पाहुण्याला सांगायला सोपा प्रकार म्हणजे असंबद्ध शब्दांची माळ: वावटळ, तराजू, जांभई, कोपरा, पितळ, रोमन लिपीत, मध्ये आडवी रेघ देऊन. शब्द मात्र सुचतील तसे घेऊ नका. आपल्याला सुचतात ते शब्द फार ठराविक असतात. साडेसात हजार शब्दांच्या यादीतून फासे टाकून पाच शब्द काढले, तर वरच्या कार्डाला लाखो वर्षं पुरेल एवढं काम होतं. म्हण, अभंगाची ओळ, देवाचं नाव आणि पुढे १२३, आडनाव आणि जन्मसाल हे सगळं फोडणाऱ्यांच्या याद्यांत आधीच असतं. रोमन लिपीत मराठी लिहिलं म्हणजे कोणाला कळणार नाही, हा भ्रम सोडा.

नेटवर्कचं कारखान्यातलं नावही बदला. ते नाव पासवर्डबरोबर घुसळलं जात असल्याने, हजारो घरांत असलेल्या नावांसाठी आगाऊ हिशेब करून ठेवलेले तक्ते मिळतात. वेगळ्या नावाला ते लागू पडत नाहीत. नावात आडनाव किंवा घर क्रमांक घालू नये, हे सांगायला नको.

ज्यांना पासवर्ड माहीत आहे त्यांना एकमेकांची वाहतूक दिसते का?

डब्ल्यूपीए२ मध्ये दिसू शकते, आणि ही गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. प्रत्येक फोनची सत्रचावी वेगळी असते हे खरं. पण ती बनते सामायिक पासवर्ड आणि हँडशेकमध्ये उघडपणे गेलेल्या आकड्यांपासून. पासवर्ड माहीत असलेल्याने तुमचा हँडशेक पकडला तर तुमची सत्रचावी त्याला बनवता येते. वायरशार्कसारख्या वाहतूक तपासण्याच्या नेहमीच्या साधनात त्यासाठी तयार सोय आहे. त्याने आज नुसतं रेकॉर्ड करून ठेवलं आणि पासवर्ड वर्षभराने मिळवला, तरी जुनं रेकॉर्डिंग उलगडतं. मधल्या काळात तुम्ही पासवर्ड बदललात तरी जुन्या रेकॉर्डिंगला जुना पासवर्डच लागतो.

डब्ल्यूपीए३ ने बदललं ते इथेच. त्याच्या एसएई या पद्धतीत दर वेळी नवी गुपितं तयार होतात आणि नंतर पुसली जातात. पकडलेला मजकूर घरी नेऊन अंदाज लावता येत नाही, प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावं लागतं. जुन्या नोंदीही पासवर्ड मिळाला म्हणून उघडत नाहीत.

डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवलं तर?

जुनी उपकरणं चालतील, पण पासवर्ड दोन्हींना एकच असतो. डब्ल्यूपीए२ ने जोडलेल्या एखाद्या जुन्या यंत्राचा हँडशेक पकडून तो फोडता येतो, आणि मग डब्ल्यूपीए३ च्या दारानेही आत जाता येतं. म्हणून मिश्र पद्धतीत पासवर्ड डब्ल्यूपीए२ साठी पुरेल असाच लांब हवा. आमच्या मते मिश्र पद्धतीपेक्षा दोन नावं बरी: मुख्य नेटवर्क निव्वळ डब्ल्यूपीए३, आणि जुन्या यंत्रांसाठी वेगळं, अलग केलेलं डब्ल्यूपीए२, वेगळ्या पासवर्डचं.

डब्ल्यूपीए३ चालू केल्यावर प्रिंटर जोडलाच जात नाही. काय करावं?

बहुतेकदा कारण दोनांपैकी एक असतं. एकतर यंत्राला एसएई येतच नाही. किंवा अडचण व्यवस्थापन फ्रेमच्या (जोडणी-तोडणीसारख्या आदेशांच्या) संरक्षणाची असते. राउटरमध्ये ते पीएमएफ किंवा ८०२.११डब्ल्यू या नावाने दिसतं, डब्ल्यूपीए३ मध्ये ते 'रिक्वायर्ड' असतं आणि जुन्या यंत्रांना झेपत नाही. आधी यंत्राचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून पाहा. मग ते यंत्र वर सांगितलेल्या वेगळ्या डब्ल्यूपीए२ नेटवर्कात हलवा, पीएमएफ 'ऑप्शनल' ठेवून. एका प्रिंटरसाठी अख्खं घर डब्ल्यूपीए२ वर आणू नका. फोन-लॅपटॉपांपैकी अँड्रॉइड १०, आयओएस १३ आणि विंडोज १० ची १९०३ आवृत्ती यांपासून पुढे डब्ल्यूपीए३ ची सोय आहे, अर्थात विंडोजमध्ये वायफाय कार्ड आणि त्याचा ड्रायव्हरही तसा लागतो.

नेटवर्कचं नाव लपवलं आणि मॅक फिल्टर लावला. आणखी काय हवं?

हे दोन्ही काढलं तरी चालेल. नाव लपवलं की राउटर ते स्वतःहून जाहीर करत नाही, पण फोन जोडला जाताना तेच नाव उघडपणे उच्चारतो. शिवाय लपवलेलं नाव शोधण्यासाठी फोन जाईल तिथे ते पुकारत राहतो, म्हणजे तुमच्या घरच्या नेटवर्कचं नाव गावभर.

मॅक फिल्टरची गोष्टही तशीच. परवानगी असलेले पत्ते हवेत उघडे फिरत असतात. त्यातला एक टिपायचा आणि आपल्या कार्डाला द्यायचा, मिनिटाभराचं काम. उलट त्रास होतो तो घरच्यांना: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी यदृच्छेने बनवलेला मॅक पत्ता वापरतात, त्यामुळे फोन रीसेट केला की फिल्टर त्यालाच बाहेर ठेवतो.

सिग्नलची ताकद कमी करणं हा तिसरा आवडता उपाय. दिशादर्शी अँटेना घेऊन बसलेल्याला त्याने फारसा फरक पडत नाही.

डब्ल्यूपीएस म्हणजे काय आणि ते बंद का करायचं?

पासवर्ड टाइप न करता आठ अंकी पिनने किंवा बटण दाबून जोडण्याची ही सोय आहे. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता असायला हव्यात. पण आठवा अंक हा तपासणी अंक आहे, आधीच्या सातांवरून निघतो. आणि राउटर पहिले चार अंक वेगळे तपासतो, पुढचे तीन वेगळे, आणि चूक कोणत्या अर्ध्यात आहे तेही सांगून टाकतो. म्हणजे पहिल्या अर्ध्याचे १०,००० आणि दुसऱ्याचे १,००० मिळून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न. काही तासांचं काम. २०११ च्या डिसेंबरमध्ये संशोधक स्टेफान फीबॉक यांनी हे जाहीर केलं. पिन जुळला की राउटर स्वतःच वायफायचा पासवर्ड देऊन टाकतो, मग तो आठ अक्षरी असो की त्रेसष्ट.

कुलूप मजबूत आणि किल्ली पायपुसण्याखाली, असा हा प्रकार. पिनची पद्धत बंद करा. बटणाची पद्धत दाबल्यापासून दोनच मिनिटं खुली राहते, त्यामुळे धोका कमी आहे. पण बऱ्याच राउटरांत दोन्ही एकाच खटक्यावर असतात, तेव्हा सरळ सगळंच बंद करावं.

राउटरचा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड वेगळे असतात?

वेगळे. वायफायचा पासवर्ड नेटवर्कात शिरायला, राउटरचा पासवर्ड त्याच्या सेटिंग बदलायला. दुसरा बदलायचं बहुतेक जण विसरतात, आणि दोन्हींना एकच ठेवणारेही कमी नाहीत. तसं केलं तर वायफाय वापरणारा प्रत्येक पाहुणा राउटरचा मालक होतो.

राउटरचा हा पासवर्ड रोज लागत नाही. लांबलचक ठेवा आणि कागदावर लिहून राउटरपासून दूर ठेवा. कागदावर पासवर्ड लिहू नये, हा सल्ला इथे आम्ही खुशाल मोडतो. इंटरनेटवरून हल्ला करणाऱ्याला तुमचं कपाट उघडता येत नाही.

वायफायच्या टप्प्यात कोणी नसेल, तरी धोका असतो?

तोच मोठा. वायफायच्या एन्क्रिप्शनला भिडायचं तर हल्लेखोराला जवळ यावं लागतं. इंटरनेटच्या बाजूने यायला जगाच्या दुसऱ्या टोकाला बसूनही चालतं. २०१६ चं मिराई हे घातक सॉफ्टवेअर आठवा. कॅमेरे, व्हिडिओ रेकॉर्डर आणि राउटर यांच्या टेलनेट या दुरून आज्ञा देण्याच्या दारावर कारखान्यातले साठेक यूजरनेम-पासवर्ड लावून पाहायचे, एवढ्यावर त्याने लाखो यंत्रं ताब्यात घेतली. त्या यंत्रांच्या घरातलं वायफाय एन्क्रिप्ट केलेलं होतं की नाही, याला काही अर्थच नव्हता.

राउटरमध्ये तीन गोष्टी बघा. 'रिमोट मॅनेजमेंट' बंद असावं. यूपीएनपीसुद्धा बंद असावं, कारण त्यामुळे आतलं कोणतंही यंत्र काही न विचारता राउटरला बाहेरचं पोर्ट, म्हणजे इंटरनेटकडून आत यायचं दार, उघडायला सांगू शकतं. काही खेळ आणि कॉल त्याशिवाय अडतील, तेव्हा लागेल तेवढं एकच पोर्ट हाताने उघडा. तिसरं, पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत जुन्या, विसरलेल्या नोंदी नसाव्यात.

फर्मवेअर अपडेट खरंच एवढं महत्त्वाचं आहे?

२०१७ मध्ये सुरक्षा संशोधक माथी वानहूफ यांनी क्रॅक नावाचा हल्ला दाखवला. फोर-वे हँडशेकचा तिसरा संदेश पुन्हा पुन्हा पाठवून फोनला आधीचीच चावी नव्याने बसवायला लावायची, की मोजणी पहिल्यापासून सुरू होते आणि तीच सांकेतिक मालिका दोनदा वापरली जाते. अँड्रॉइड ६ मध्ये तर चावी म्हणून सगळी शून्यं बसत. यात पासवर्ड कळत नव्हता, म्हणून पासवर्ड बदलून फायदाही नव्हता. उपाय एकच, अपडेट. तोही आधी फोन-लॅपटॉपांवर, कारण मुख्य फट त्यांच्या बाजूला होती. २०२१ मध्ये त्यांनीच दाखवलेल्या फ्रॅगअटॅकमध्ये डब्ल्यूईपीपासून डब्ल्यूपीए३ पर्यंत सगळंच सापडलं.

ज्या राउटरला उत्पादक अपडेट देत नाही, तो चालत असला तरी बदलावा.

गेस्ट नेटवर्क फक्त पाहुण्यांसाठीच का?

पाहुण्यांपेक्षा ते टीव्ही, बल्ब, कॅमेरे आणि स्पीकर यांच्यासाठी जास्त कामाचं आहे. ही यंत्रं वर्षानुवर्षं अपडेटविना पडून असतात. त्यातलं एक ताब्यात गेलं आणि ते तुमच्या लॅपटॉपच्याच नेटवर्कात असेल, तर एन्क्रिप्शन काहीच अडवणार नाही. ते यंत्र तर पासवर्ड घेऊन रीतसर आत आलेलं आहे.

गेस्ट नेटवर्क खरंच अलग आहे का, हे तपासून पाहा, कारण काही राउटरांत ते फक्त दुसरं नाव असतं. फोन गेस्टवर जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि राउटरचं व्यवस्थापन पान उघडून बघा. मग मुख्य नेटवर्कातल्या प्रिंटरचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाका. दोन्ही उघडायला नकोत. राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'मध्ये, म्हणजे दुसऱ्या राउटरच्या मागे लावला असेल, तर ही चाचणी चुकवूच नका. त्या स्थितीत गेस्टची भिंत बऱ्याचदा गळून पडते. अलग केल्यावर फोनवरून टीव्हीवर चित्र टाकणं बंद होईल. तो बिघाड नाही, भिंत उभी राहिल्याची खूण आहे.

माझ्याच नावाचं खोटं वायफाय कोणी उभं केलं तर?

ओपन नेटवर्क असेल तर फोन नावावर भुलतो आणि आपोआप जोडला जातो. म्हणून सार्वजनिक नेटवर्क वापरून झालं की 'विसरा' करावं. पासवर्डच्या नेटवर्कात खोट्या राउटरला पासवर्ड माहीत नसला तर जोडणी पूर्ण होत नाही. पण डब्ल्यूपीए२ मध्ये फोन हँडशेकचा पहिला भाग पाठवून बसतो आणि अंदाज लावायला तेवढंही पुरतं.

याच्या जोडीने चालतो तो जोडणी तोडण्याचा खोडसाळपणा. पीएमएफ नसलेल्या डब्ल्यूपीए२ मध्ये 'जोडणी तोड' हा आदेश कसल्याही सहीशिवाय जातो, म्हणून कोणीही तो राउटरच्या नावाने पाठवू शकतो. वायफाय सारखं तुटतं पण मजकूर मात्र झाकलेला, असा विचित्र प्रकार होतो. पीएमएफ 'रिक्वायर्ड' केलं की हे आदेश तपासले जातात. निव्वळ रेडिओ गोंगाट करून वायफाय बंद पाडणाऱ्यापुढे मात्र कोणतंच एन्क्रिप्शन चालत नाही.

'एन्हान्स्ड ओपन' लिहिलेलं सार्वजनिक वायफाय सुरक्षित का?

यात पासवर्डशिवायच प्रत्येकाची वाहतूक वेगळ्या चावीने झाकली जाते, त्यामुळे शेजारी बसलेला नुसतं ऐकून काही वाचू शकत नाही. पण समोर कोण आहे याची खात्री काहीच नाही. खोट्या राउटरशीही तितकंच छान एन्क्रिप्शन होतं. ओपनपेक्षा चांगलं, एवढंच.

कार्यालयात सगळ्यांना एकच पासवर्ड दिला तर काय बिघडतं?

कोणी नोकरी सोडली की पासवर्ड बदलायला हवा, आणि तो बदलला की प्रत्येक यंत्रावर जाऊन टाकायला हवा. म्हणून तो बदललाच जात नाही. दहा-पंधरा माणसांच्या पुढे ८०२.१एक्स ही प्रत्येकाची ओळख वेगळी तपासणारी पद्धत आणि त्यासाठी लागणारा रेडियस सर्व्हर घ्यावा. प्रत्येकाचं खातं वेगळं, सत्रचावी वेगळी, आणि एक खातं बंद केलं तर बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

इथे सगळ्यात महाग पडणारी चूक एकच: फोन किंवा लॅपटॉपवर 'सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासू नका' निवडणं. जोडणी लगेच होते, म्हणून घाईत तेच केलं जातं. मग त्याच नावाचा खोटा राउटर उभा केला की कर्मचाऱ्याचा फोन आपल्या खात्याची ओळख त्यालाच देऊ लागतो. पीईएपी या लॉगिन पद्धतीबरोबर पासवर्ड तपासायला नेहमी वापरलं जाणारं एमएसचॅप-व्ही२ किती कच्चं आहे हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं: पकडलेला संवाद डीईएस या जुन्या पद्धतीच्या एका ५६ बिटांच्या चावीपर्यंत उतरवता येतो. शक्य असेल तिथे पासवर्ड सोडून प्रत्येक यंत्राला प्रमाणपत्र द्या, म्हणजे ईएपी-टीएलएस. मांडणीला वेळ लागतो, पण चोरायला पासवर्डच उरत नाही.

माझ्या नेटवर्कात कोणी शिरलंय का, हे कसं कळेल?

राउटरमधली जोडलेल्या यंत्रांची यादी उघडा. नावं बहुधा अगम्य असतात, म्हणून घरातली यंत्रं एकेक करून बंद करा आणि यादीतून काय गळतं ते बघा. शेवटी जे उरेल त्याचा मालक शोधायचा. यदृच्छ मॅक पत्त्यामुळे एकच फोन दोन नावांनी दिसू शकतो, लगेच घाबरू नका. शंका राहिलीच तर वायफायचा पासवर्ड बदला, राउटरचा बदला आणि डीएनएसचे पत्ते जागच्या जागी आहेत का ते पाहा.

नुसतं ऐकणारा या यादीत कधीच दिसत नाही. तो जोडलेलाच नसतो.

आज अर्धा तास हाताशी आहे. कोणत्या क्रमाने करू?

१. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. वायफायवरून केलं तर मधेच जोडणी तुटेल.
२. फर्मवेअर अपडेट करा. आधी सेटिंगची प्रत उतरवून ठेवा.
३. राउटरचा व्यवस्थापन पासवर्ड बदला.
४. रिमोट मॅनेजमेंट, डब्ल्यूपीएस आणि यूपीएनपी बंद करा.
५. नेटवर्कचं नाव बदला, डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२-एईएस निवडा, नवा लांब पासवर्ड टाका.
६. गेस्ट नेटवर्क उघडा, स्मार्ट यंत्रं तिकडे हलवा, वरची चाचणी करा.

वेळ खातो तो सहावा टप्पा. तो उद्यावर गेला तरी चालेल, पण तिसरा आणि चौथा आजच उरका.

जुना राउटर देऊन टाकायचा आहे. काही करावं लागतं का?

त्यात तुमचा वायफाय पासवर्ड आणि इंटरनेट जोडणीचं यूजरनेम-पासवर्ड साठवलेले असतात. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेटचं बटण साधारण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, दिवे एकदम बदलेपर्यंत. नंतर एकदा चालू करून पाहा: नेटवर्कचं नाव कारखान्यातलं दिसलं पाहिजे. तुमचंच जुनं नाव दिसलं तर बटण लवकर सोडलं गेलं, पुन्हा दाबा.